थायरॉइड आणि सेलेनियम : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

थायरॉइडविषयी येणाऱ्या पत्रांत सेलेनियम या सूक्ष्म खनिजाचा विषय सतत डोकावतो. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून इथे उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ३८. हाशिमोटो थायरॉइडायटिस आहे. रोज ५० मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन घेते. ताज्या तपासणीत टीएसएच ६.१ आणि टीपीओ अँटीबॉडी ६४० आली. मैत्रिणीने २०० मायक्रोग्रॅम सेलेनियमची बाटली आणून दिली आहे, त्याने अँटीबॉडी उतरतात म्हणते. सुरू करू का? (सांगली)

उत्तर : बाटली तूर्त बाजूला ठेवा. हाशिमोटोत शरीराची प्रतिकारयंत्रणाच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते, आणि टीपीओ अँटीबॉडी ही त्याची रक्तातली खूण. तुमच्या रिपोर्टमध्ये आज लक्ष द्यायला हवे ते ६.१ या आकड्याकडे. टीएसएच हे थायरॉइडला कामाला लावणारे संप्रेरक, थायरॉक्सिन कमी पडले की ते वाढते. गोळी चालू असूनही टीएसएच चढलेला आहे, म्हणजे थायरॉक्सिन कमी पडते आहे किंवा पोटात गेलेले नीट शोषले जात नाही. आधी हे तपासा : गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्यासोबत घेता का? त्यानंतर चहा-नाश्त्याला निदान अर्धा तास, जमल्यास तास जातो का? कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचे अंतर आहे का? आठवड्यात किती वेळा गोळी चुकते? हे सगळे बरोबर असेल तर डॉक्टर डोस वाढवतील. त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करायचा. थकवा, बद्धकोष्ठता, अंगावर सूज यांतले बरेच काही एवढ्यानेच कमी होते.

आता सेलेनियमकडे वळू. थायरॉइडचा आणि त्याचा संबंध खरा आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. वजनाच्या मानाने पाहिले तर शरीरातले सर्वाधिक सेलेनियम थायरॉइड ग्रंथीत असते. संप्रेरक बनवताना आयोडीन प्रथिनाला जोडावे लागते आणि त्यासाठी ग्रंथी स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. उरलेले पेरॉक्साइड पेशींना जाळू नये म्हणून ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज हे एन्झाइम ते निकामी करते, आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात सेलेनियम असते. टी-४ चे (म्हणजे थायरॉक्सिनचे) अधिक प्रभावी टी-३ करणारी डीआयोडिनेज एन्झाइमेही सेलेनियमवरच चालतात.

यावरून ‘गोळी घेतली की टी-३ वाढेल’ असा निष्कर्ष लोक काढतात. तो चुकतो, कारण सेलेनियम अपुरे पडू लागले की शरीर ते यकृत आणि स्नायूंना कमी देते आणि मेंदू व थायरॉइडसाठी राखून ठेवते. साध्या, बेताच्या कमतरतेत टी-३ सहसा हलत नाही.

अँटीबॉडीबद्दल मैत्रीण सांगते त्याला आधार आहे. २००२ साली जर्मनीत ७० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत तीन महिने रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम घेतलेल्या गटात टीपीओ अँटीबॉडी सरासरी ३६ टक्क्यांनी उतरली, औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या गटात १२ टक्क्यांनी. टीएसएचमध्ये मात्र फरक पडला नाही. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्याने तोवरच्या चार चाचण्या एकत्र तपासून पुरावा अपुरा ठरवला. मग डेन्मार्कमध्ये खास याच प्रश्नासाठी मोठी चाचणी झाली. थायरॉक्सिनवर असलेल्या ४१२ हाशिमोटो रुग्णांना वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा खोटी गोळी देण्यात आली. रोजचे जगणे, थकवा, मनःस्थिती यांत दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

अँटीबॉडी हा आजार ओळखण्याचा आकडा आहे. एकदा हाशिमोटो नक्की झाला की दर तीन महिन्यांनी टीपीओ करण्यात पैसे घालवू नका. ६४० चे ४०० झाले म्हणून तुमची गोळी सुटणार नाही.

सेलेनियम खरोखरच कमी असेल तर गोष्ट वेगळी. चीनच्या शान्शी प्रांतात दोन काउंटींमधल्या ६,१५२ लोकांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एकीकडच्या मातीत सेलेनियम पुरेसे, दुसरीकडे कमी. रक्तातली पातळी अनुक्रमे सुमारे १०४ आणि ५७ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर. थायरॉइडचे आजार पहिल्या ठिकाणी १८ टक्क्यांना, दुसऱ्या ठिकाणी साडेतीस टक्क्यांना. ५७ ची पातळी ९० वर आणण्यात अर्थ आहे. ११० ची १८० करण्याने काही साधत नाही, उलट नुकसान होऊ शकते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

प्रश्न : पॅकेज तपासणीत सेलेनियमचा आकडा ९.२ आला आहे. इंटरनेटवर ७० ते १५० हवे असे वाचले आणि घाबरलो. एवढी भयंकर कमतरता कशी? (ठाणे)

उत्तर : आकड्याशेजारचे एकक पाहा. तिथे बहुधा ‘मायक्रोग्रॅम प्रतिडेसिलिटर’ असेल. तसे असेल तर दहाने गुणायचे. ९.२ म्हणजे ९२ मायक्रोग्रॅम प्रतिलिटर, उत्तम पातळी. ‘नॅनोग्रॅम प्रतिमिलिलिटर’ आणि ‘मायक्रोग्रॅम प्रतिलिटर’ हे एकच. परदेशातल्या रिपोर्टवर ‘मायक्रोमोल प्रतिलिटर’ असेल तर ७९ ने गुणा. १.१ म्हणजे सुमारे ८७.

दुसरी गोष्ट, नमुना कशाचा आहे? सीरम आणि संपूर्ण रक्त यांचे आकडे वेगळे असतात, कारण तांबड्या पेशींतही सेलेनियम असते. सीरमचा आकडा संपूर्ण रक्ताच्या मर्यादेशी ताडून पाहू नका. पुढच्या वेळी त्याच लॅबमध्ये, त्याच प्रकारचा नमुना द्या.

सीरममध्ये साधारण ७० च्या खाली कमतरता धरतात. ९० ते १२५ या पट्ट्यात सेलेनियमवर चालणारी रक्तातली प्रथिने भरून जातात. त्यापुढे वाढलेल्या आकड्याचा थायरॉइडला उपयोग झाल्याचे दिसलेले नाही.

नमुना घेण्यातही चुका होतात. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी गडद निळ्या बुचाची वेगळी नळी असते. साध्या नळीच्या बुचातून किंवा काचेतून मूलद्रव्ये मिसळून आकडा बिघडू शकतो, म्हणून रक्त देताना विचारून घ्या. मोजणी आयसीपी-एमएस यंत्रावर झाली तर विश्वासार्ह. ताप, न्यूमोनिया, मोठी शस्त्रक्रिया अशा काळात सीरम सेलेनियम तात्पुरते उतरते, साठा संपलेला नसतो. पूर्ण बरे झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी तपासा. केसांच्या नमुन्यावरून थायरॉइडच्या रुग्णात निर्णय घेऊ नये. कोंड्याच्या काही शाम्पूंमध्ये सेलेनियम सल्फाइड असते आणि ते केसाला चिकटून आकडा खोटा वाढवते.

सेलेनियमची तपासणी प्रत्येक थायरॉइड रुग्णाने करावी असे आम्ही म्हणणार नाही. आतड्याचा आजार (सिलिअॅक, क्रोन), वजन घटवण्याची शस्त्रक्रिया, डायलिसिस, वर्षानुवर्षे अतिशय मोजका आहार, किंवा उलट, बरीच वर्षे गोळ्या घेत असणे अशी कारणे असतील तर ती जरूर करावी.

प्रश्न : थायरॉइड असल्याने केस फार गळतात. केसांसाठीच्या गोळ्या सुरू केल्या, त्यांत बायोटिन आणि सेलेनियम आहे. शिवाय मल्टिव्हिटॅमिन चालू आहे. तरी गळती वाढलीच, आणि आता डॉक्टर म्हणतात थायरॉइड एकदम जास्त दाखवतोय. हे काय झाले? (अकोला)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी एकाच डब्यातून आल्या असाव्यात.

पहिली बायोटिनची. केसांच्या गोळ्यांत ते बहुधा १० मिलिग्रॅम असते, शरीराच्या रोजच्या गरजेच्या शेकडो पट. अनेक लॅबमध्ये टीएसएच आणि फ्री टी-४ मोजण्याची पद्धत बायोटिनच्या जोडणीवर आधारलेली आहे. रक्तात बायोटिन भरपूर असेल तर टीएसएच खोटा कमी आणि फ्री टी-४ खोटा जास्त येतो. कागदावर हुबेहूब ग्रेव्ह्ज आजार (ज्यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते) दिसतो, प्रत्यक्षात ग्रंथी होती तशीच असते. ही गोळी निदान दोन दिवस, शक्य तर तीन-चार दिवस बंद ठेवून रक्त पुन्हा द्या, आणि तो रिपोर्ट येईपर्यंत थायरॉक्सिनचा डोस बदलू नका, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

दुसरी गोष्ट सेलेनियमची. जास्त सेलेनियमचे पहिले लक्षण म्हणजे केस गळणे आणि नखे ठिसूळ होणे. तोंडाला धातूची चव आणि श्वासाला लसणीसारखा वास ही आणखी खूण. केस गळतात म्हणून गोळी घ्यायची आणि त्या गोळीनेच ते गळायचे, असा फेरा होऊ शकतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये सेलेनियमची कमाल मर्यादा रोज २५५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती केसगळती हाच निकष धरून. अमेरिकेतल्या ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या चाचणीत आहाराच्या जोडीला २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत केसगळती जास्त आढळली होती. अमेरिकी मर्यादा अजून ४०० आहे. दोन्ही मर्यादांत अन्न आणि गोळ्या मिळून सगळे धरायचे.

अकोल्याच्या वाचकाला शेगावची आठवण करून द्यायची गरज नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत माणसांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडले. सुरुवातीला संशय पाण्यावर होता. पुढे डॉ. हिम्मतराव बावसकर यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासले, त्यांत सेलेनियम फार वाढलेले आढळले. रेशनवर आलेल्या, पंजाब-हरियाणाकडच्या गव्हाकडे त्यांनी बोट दाखवले. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूर भागात सेलेनियमयुक्त जमिनीचे पट्टे आहेत, तिथल्या चाऱ्याने जनावरांचे खूर आणि केस गळाल्याची नोंद जुनी आहे. गळणाऱ्या केसांमागे सेलेनियमची कमतरताच असते, असे धरून चालू नये.

आता तुमच्या गोळ्यांचा हिशेब करा. सर्व डब्यांची लेबले समोर ठेवा. सेलेनियमपुढचा आकडा मूळ सेलेनियमचा आहे की क्षाराचा, ते पाहा. क्षाराचा असेल तर हा हिशेब लावा : सोडियम सेलेनाइट १०० मायक्रोग्रॅम असेल तर त्यात मूळ सेलेनियम ४६, सोडियम सेलेनेट १०० मध्ये ४२, सेलेनियम डायऑक्साइड १०० मध्ये ७१ आणि मोनोहायड्रेट लिहिले असेल तर ६१. सेलेनियम यीस्टपुढे कधी यीस्टचे वजन मिलिग्रॅममध्ये लिहितात, तिथे ‘किती मायक्रोग्रॅम सेलेनियमएवढे’ ही बारीक अक्षरांतली ओळ शोधा. सगळ्या डब्यांची बेरीज १०० च्या वर गेली तर सेलेनियमचे डबे कमी करा.

केसांसाठी टीएसएच जागेवर आणणे आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासणे हे आधी. आपल्याकडे थायरॉइड असलेल्या बायकांच्या केसगळतीत लोहाची कमतरता वारंवार सापडते. डोस बरोबर बसल्यानंतरही केस भरायला चार-सहा महिने लागतात, तेवढा धीर धरा.

प्रश्न : पतीला ग्रेव्ह्ज आजार आहे, कार्बिमेझोल चालू आहे. गेल्या चार महिन्यांपासून डोळे चुरचुरतात, पापण्या सुजतात, डोळे थोडे बाहेर आल्यासारखे दिसतात. नेत्रतज्ज्ञांनी सहा महिन्यांसाठी सेलेनियम दिले. इथे तरी उपयोग आहे का? (नाशिक)

उत्तर : आहे. थायरॉइडच्या आजारांत सेलेनियमचा सर्वांत भक्कम पुरावा इथेच आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत सौम्य नेत्रविकाराच्या १५९ रुग्णांचा समावेश होता. सोडियम सेलेनाइट १०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, सहा महिने घेतलेल्या गटात डोळ्यांची स्थिती आणि रोजचे जगणे सुधारले, आणि आजार वाढण्याचे प्रमाण घटले. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांतही सौम्य आणि नुकत्याच सुरू झालेल्या विकारासाठी सहा महिन्यांचे सेलेनियम आहे.

वर दिलेला हिशेब इथे लागू पडतो. ते २०० मायक्रोग्रॅम क्षाराचे होते, मूळ सेलेनियम रोजचे सुमारे ९०. बाजारातली ‘मूळ सेलेनियम २००’ ची गोळी घेतली तर डोस दुप्पट होईल. नेत्रतज्ज्ञांनी नेमके कोणते लिहिले आहे ते चिठ्ठीवर ताडून पाहा. सेलेनाइट जेवणानंतर घ्यावे. क जीवनसत्त्वाची मोठ्या डोसची गोळी त्याच्यासोबत घेऊ नका, तिने सेलेनाइटचे रूपांतर शोषल्या न जाणाऱ्या सेलेनियममध्ये होऊ शकते. सहा महिने झाले की थांबायचे.

पती सिगारेट ओढत असतील तर तिचा त्रास कोणत्याही गोळीने भरून निघणार नाही. धूम्रपानाने हा विकार बळावतो आणि उपचारांना दाद देत नाही. थायरॉइडची पातळी स्थिर ठेवा, डोळ्यांत कृत्रिम अश्रूंचे थेंब घाला, झोपताना उशी उंच घ्या. रंग फिके दिसणे, नजर कमी होणे, एकाचे दोन दिसणे, पापणी पूर्ण न मिटणे यांतले काहीही सुरू झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. ती अवस्था सौम्य राहिलेली नसते आणि तिथे स्टेरॉइडचा विचार लगेच करावा लागतो.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. अमेरिकेतून मुलाने ब्राझील नट पाठवले आहेत, रोज मूठभर खा म्हणतो. (पुणे)

उत्तर : मूठभर मुळीच नको. ब्राझील नटच्या सहा ते आठ बियांत, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, सरासरी ५४४ मायक्रोग्रॅम सेलेनियम असते. अमेरिकी कमाल मर्यादाही तेवढ्यात ओलांडली जाते. झाड कुठल्या मातीत वाढले त्यावर एका बीतले प्रमाण कैक पटींनी बदलते, त्यामुळे मोजून खाल्ले तरी नेमका डोस कळत नाही. खायचेच असेल तर एक बी, आठवड्यातून दोन-तीनदा, आणि सेलेनियमची दुसरी गोळी बंद.

आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय प्रौढांसाठी रोजची गरज ४० मायक्रोग्रॅम धरली आहे. पोळी, डाळ-उसळ, दही-दूध, पनीर, मूठभर सूर्यफुलाच्या बिया असा रोजचा आहार असेल तर ती बहुतेकांची भागते. फक्त पोळीतून किती मिळते, ते गहू कुठल्या जमिनीतला आहे त्यावर ठरते. अंडे चालत असेल तर एकातून सुमारे १५ मायक्रोग्रॅम मिळतात. कोकणात, गोव्यात बांगडा-तारली आठवड्यात दोन-तीनदा ताटात येणाऱ्यांना या विषयाची चिंता नको. समुद्री मासळी सेलेनियमचा चांगला साठा आहे.

प्रश्न : थायरॉइडसाठी चांगले म्हणून साधे मीठ सोडून सैंधव वापरतो. सोबत सेलेनियम घेतो. बरोबर आहे ना? (कोल्हापूर)

उत्तर : ही जोडी धोक्याची आहे. साध्या सैंधवात आयोडीन नगण्य असते. आयोडीन तुटपुंजे असताना सेलेनियम दिल्यास काय होते, याचे उदाहरण आफ्रिकेत घडले आहे. उत्तर झायरमध्ये (आजचा काँगो) आयोडीन आणि सेलेनियम दोन्हींची तीव्र कमतरता होती. तिथे शाळकरी मुलांना आणि क्रेटिनिझम (आयोडीनअभावी जन्मापासून खुंटलेली वाढ) झालेल्यांना दोन महिने रोज ५० मायक्रोग्रॅम सेलेनियम देण्यात आले. १९९१ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा टी-४ वाढण्याऐवजी घसरला होता. क्रेटिनिझम असलेल्यांत तर ग्रंथी आणखी मंदावली आणि टीएसएच चढला. कारण सरळ आहे : सेलेनियम मिळताच टी-४ मोडणारी एन्झाइमे कामाला लागली, नवे टी-४ बनवायला आयोडीन मात्र नव्हते. म्हणून क्रम असा ठेवायचा, आधी आयोडीन, मग सेलेनियम.

तुमच्याकडे आफ्रिकेइतकी कमतरता नसेल, पण आयोडीनयुक्त मिठाकडे परत या. प्रौढाला रोज १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. मीठ बंद बरणीत, चुलीपासून दूर ठेवा आणि शक्यतो स्वयंपाक होत आल्यावर घाला. भरपाई म्हणून समुद्री शेवाळाच्या, म्हणजे केल्पच्या गोळ्या घेऊ नका. त्यांत आयोडीनचे प्रमाण बेभरवशाचे असते आणि अतिआयोडीनने हाशिमोटो बळावतो.

प्रश्न : दिवस गेले आहेत, टीपीओ पॉझिटिव्ह आहे. सेलेनियम घ्यावे का? (नागपूर)

उत्तर : वेगळे घेऊ नका. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१७ च्या सूचना गरोदरपणात टीपीओसाठी सेलेनियम देऊ नये असेच सांगतात. टीएसएच दर चार आठवड्यांनी, निदान पाचव्या महिन्यापर्यंत तपासत राहा. गरोदरपणाच्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये थोडे सेलेनियम असतेच, तेवढे पुरे. त्या गोळीतले लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनपासून चार तास दूर ठेवायला विसरू नका.

प्रश्न : थायरॉइड शस्त्रक्रियेने पूर्ण काढले आहे. सेलेनियमचा फायदा होईल? (पणजी)

उत्तर : थायरॉइडसाठी नाही. जिला वाचवायचे ती ग्रंथीच उरलेली नाही. थायरॉक्सिन नियमित घ्या.

प्रश्न : दोन वर्षे रोज २०० मायक्रोग्रॅम घेते आहे. आता सोडले तर थायरॉइड बिघडेल का? (सोलापूर)

उत्तर : बिघडणार नाही, आणि हळूहळू कमी करण्याचीही गरज नाही. आज थांबलात तरी चालेल. सीरम सेलेनियम एकदा तपासा. विशेषतः तुमची गोळी सेलेनोमेथिओनिन किंवा यीस्टची असेल, कारण तो प्रकार शरीराच्या प्रथिनांत मेथिओनिनच्या जागी जाऊन बसतो आणि पातळी हळूहळू उतरते. आकडा १५० च्या वर असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा पाहा. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा दाखवणारी तपासणी) करून घ्या. अमेरिकेतल्या एका दीर्घ चाचणीत रोज २०० मायक्रोग्रॅम घेणाऱ्यांत टाइप-२ मधुमेह जास्त आढळला, आणि ज्यांची पातळी सुरुवातीलाच १२० च्या वर होती त्यांच्यात सर्वाधिक. घरात मधुमेहाचा इतिहास असेल तर ही तपासणी लांबवू नका. टीएसएच नेहमीच्या वेळी करा, थायरॉक्सिनचा डोस आहे तसाच चालू ठेवा.